जाळीच्या दाराआड ठेवलेले पाच अंक

दि. १७ जून २०१४
पोलीस ठाणे, बाल्टिमोर शहर

मी लव्हर्न टिबेट्स, वय ५४ वर्षे, धंदा घरोघर वर्तमानपत्र टाकणे, राहणार पूर्व बाल्टिमोर.

समक्ष हजर राहून सांगते की, मी एकोणीस वर्षे या भागात शहराचे दैनिक टाकते. मयत स्टॅन्ली ग्राबोव्स्की, वय ७९, हे माझे जुने गिऱ्हाईक. एकटे राहत. पूर्वी याच दैनिकाच्या छापखान्यात यंत्रावर होते. सकाळी सहाला मी पोचले की ते दारात उभे असत. "पोरी, आज पेपर आणलास की हँडबिल?" असे रोज विचारत. मी म्हणे, "मिस्टर स्टॅन, तुम्ही छापायचं सोडलंत तेव्हापासून वाळत चाललाय बिचारा."

आमच्या गल्लीत रीत आहे. पायरीवर दोन अंक पडून राहिले की समोरच्याने जाऊन दार ठोठवायचे. मिसेस नोव्हॅक न्हाणीघरात पडल्या तेव्हा मिस्टर स्टॅन यांनीच अंक पाहून दार फोडले. बाई वाचल्या. पण साठलेले अंक चोरांनाही दिसतात. गेल्या उन्हाळ्यात दोन घरे अशीच फुटली.

बुधवारी, ११ तारखेला ते म्हणाले, "उद्या सकाळच्या बसने तळ्यावर चाललो, भावाच्या खोपटात. मंगळवारी येतो. तिथं फोन नाही, तेवढीच शांतता." मी म्हटले, "मग कचेरीला कळवून पेपर बंद ठेवा." ते म्हणाले, "गेल्या वर्षी अर्धा तास बटणं दाबली, माणूस काही भेटला नाही. तू टाकत जा. आपल्या भागात कोण गेलं, कोण आलं, मला आल्यावर सगळं वाचायचंय. फक्त पायरीवर साठू देऊ नकोस." मी हो म्हटले.

गुरुवारपासून सोमवारपर्यंत रोज मी बाहेरचे जाळीचे दार उघडून अंक आत ठेवला आणि दार लावून घेतले. शुक्रवारी ठक ठक असा आवाज आला होता. आमच्याकडे घरांच्या भिंती सामाईक आहेत. शेजारी काही दुरुस्ती चालली असेल असे मला वाटले. अजून एकवीस घरे बाकी होती, म्हणून थांबले नाही.

सोमवारी दुपारी पोस्टमनला पत्रांच्या फटीतून स्वयंपाकघरात दिवा जळताना दिसला. ते बुधवारी संध्याकाळीच तिथे पडले होते. खुब्याचे हाड मोडले होते. भरलेली बॅग दाराशी होती. शनिवारपर्यंत ते जिवंत असावेत, असे डॉक्टरांनी सांगितले.

समोरच्या मिसेस कपेली मला म्हणाल्या, "लव्हर्न, मी रोज खिडकीतून बघत होते गं. पायरी स्वच्छ होती. मला वाटलं, पेपर आत गेलाय म्हणजे म्हातारा ठीक आहे." त्यांना मी काही उत्तर दिले नाही.

माझा कोणावरही संशय नाही. चूक माझी आहे. आजच्या अंकात आतल्या पानावर त्यांची चार ओळींची बातमी आली आहे. तो अंक मी पायरीवरच ठेवला. दुपारी इथे येताना तो तिथेच होता.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. 'चूक माझी आहे' हे वाक्य साहेब गाळत होते, ते मी पुन्हा घालायला लावले.

सही : लव्हर्न टिबेट्स