चोविसावा हंडा

— उठू नका, पुष्पाबाई. तुमच्या दिराचा क्लासचा फॉर्म भरून झाला, ठेवला मी बाजूले. पण तुम्ही मघापासून त्या कॉम्प्युटरकडंच पाहून राह्यल्या. काऊन, तुम्हाले नाही का शिकता येत? सातवीच शिकल्या? मग काय झालं? इंग्रजी म्हणाल, तर सुरुवातीले पंधरा-वीस शब्द लागतात, ते मी त्या भिंतीवर लिहून ठेवले. मी तरी कुठं शिकाले गेलो होतो? टायपिंगचा क्लास होता माहा, चिखलीत दुसरं होतं काय — एक पुस्तक आणलं नागपूरहून, रोज एक पान वाचलं, समजलं ते डायरीत उतरवलं. ही मशीन काही हुशार नसते जी. तुम्ही अंगणवाडीत पोराईले सांगता ना, आधी हात धू, मग बस, मग घास घे — तसंच इले ओळीओळीनं सांगायचं. त्यालेच प्रोग्राम म्हणतात. फक्त मधातली एक ओळ सुटली, का मग — जाऊ द्या.

ती मशीनपुढची खुर्ची? हाव, ती या वेळेले रिकामीच असते. गुरुवारी चार वाजता तिथं मी कोणाले बसवत नाही. आज गुरुवारच आहे ना? चार वाजलेच. — नाही, बसा. तुम्ही त्या खुर्चीवरच बसा.

मशीन एकच, शिकणारे अकरा. म्हणून सारे घरून वहीत प्रोग्राम लिहून आणत, अन् ज्याची पाळी त्याचा मशीनवर चढायचा. तेव्हा माहा एक नियम होता — मॅट्रिक झालेल्यानंच कीबोर्डले हात लावायचा, बाकीच्यायचं मी टाईप करीन. काऊन, तर बटणं खराब होतील. लय अक्कल होती मले. नजमुन्निसाची पाळी गुरुवारी चारची. कल्हईवाल्या अब्दुल गनीची पोरगी, शाळा सहावीतच सुटलेली. तोच घेऊन आला होता — "मास्टर, लडकी हिसाब में तेज है." ती उभीच राहायची, माह्या खांद्यामागं. वहीतलं मी टाईप करतो तसं तिचे ओठ हलायचे.

तिनं प्रोग्राम कशाचा लिहावा? पाण्याचा. घरचा हौद चोवीस हंड्यात भरायचा, अन् पाणी आणायचं काम तिचं. एक हंडा, दोन हंडे, मशीननं मोजत जायचं. दोन हंड्यांच्या मधात एक ओळ तिनं नुसती थांबाची लिहिली होती. मी म्हटलं, हे काऊन? तर म्हणे, "सर, हंडा उतरवाले वेळ नाही लागत का?" ओळीईले दहा, वीस, तीस असे नंबर असतात; तिच्या सत्तर नंबरच्या ओळीत लिहिलं होतं — चोवीस झाले, तर थांब.

मी टाईप केलं, चालवलं. वीस, एकवीस — चोवीस, पंचवीस — चाळीस झाले तरी थांबेना. पोरं हसाले लागली. मीही हसलो. म्हटलं, "अगं, घर बुडवतं का सारं?" तिनं वही घेतली अन् गेली. पुढच्या गुरुवारी आली नाही, मीही बोलावलं नाही. म्हटलं, नसेल झेपत.

वीस एप्रिल, एकोणनव्वद. गुरुवारच. रमजानचे, रोज्याचे दिवस, ऊन हे असं, अन् विहिरीच्या पायरीवरून तिचा पाय घसरला; बुडून गेली पोरगी. वेळ विचारली मी, तर चारचा सुमार. — बाई, चारले ती इथं राहाले पाहिजे होती. मी गनीभाईकडं गेलो अन् काय विचारलं माहीत आहे? हंडा कितवा होता. तो म्हणे, "वो तो बोलती थी, प्रोग्राम में मेरेसेच गलती हुई."

प्रत्येकाचा प्रोग्राम टाईप करायच्या आधी मी डायरीत उतरवतो, जुनी सवय. त्या रात्री डायरी काढली. सत्तरची ओळ आहे. मग त्या दिवसाची कॅसेट मशीनले लावली, त्यात भरून ठेवलेला प्रोग्राम पाह्यला — साठनंतर एकदम ऐंशी. सत्तर मीच गाळली होती.

तेव्हापासून नियम बदलला. लिहील त्यानंच टाईप करायचं, मग तो कोणी असो. पण ती ओळ घालून तिचा प्रोग्राम मी अजून चालवला नाही. दोन वर्षं झाली. भीती कशाची? — काय सांगू, मनात एक लबाडी आहे. वाटते, ओळ घालूनही नाही थांबला तर? तर मग चूक तिचीच निघंल, अन् मी मोकळा.

कॅसेट लावली मी. ती एक ओळच तेवढी टाका, माहा हात चालत नाही. बटणं नाही खराब होत, दाबा. सात. शून्य. आता भिंतीवरचा पाचवा शब्द, एकेक अक्षर पाहून — हाव. त्याच्यापुढं हे, डायरीतलं. आता ते लांब बटण. पाहा, आली ना ओळ साठच्या खाली? आता भिंतीवरचा पहिला शब्द, 'चालव' म्हणायचा, अन् पुन्हा तेच बटण.

एक. — दोन. — पाहा, मधात कशी थांबते. हंडा उतरवते ती.

एकोणीस. — वीस. —

तेवीस. —

चोवीस. — थांबली.

नाही, तुमचं काही चुकलं नाही. बरोबर केलं तुम्ही. तिचंही बरोबर होतं.

बंद नका करू, राहू द्या तसंच. तुम्ही जा आता. येत्या गुरुवारी या, चारले — खुर्ची तुमचीच. दिराचं नंतर पाहू. अन् जाताना दार लोटून घ्या, बाई.