मांजरपाटाच्या पट्ट्या

नाय, नाय, ओट्यावर नको — आत या, हितं लूमजवळ बसा. खुर्ची झाडतो, कापसाची धूळ बसलीय. आवाज होतोय? होऊ दे. मुद्दामच बसवतोय तुम्हाला इथं. लूम चालू असले की भिंतीपलीकडच्याला आपलं बोलणं ऐकू जात नाय. तुम्हालाही माझं नीट ऐकू येत नसेल, जरा पुढं सरका. आणि तुम्ही बोलूच नका इतक्यात, आधी मी बोलतो. तुम्ही म्हणता, इक्बालकडून आलात. बरं. मुंबईत मार्चमध्ये स्फोट झाले, तेव्हापासून इक्बालकडून आलेले किती जण येऊन गेले ठाऊक हाय? एक म्हणाला पासपोर्टचं काम हाय, एक म्हणाला विमा काढतो. विमावाल्याच्या पायात बूट पोलिसाचे. तुमचेही बूट मी आधी बघितले, चेहरा नंतर. असले जाड तळव्याचे बूट ठाण्याच्या बाजारात मिळत नाय. आणि काळा चष्मा — अंधाऱ्या शेडमध्ये काळा चष्मा लावून कोण बसतं, साहेब? असू दे, राहू दे, काढू नका, मला काय. चहा घेणार? नाय? तेही ठीक, ड्युटीवर असाल.

इक्बाल माझा धाकटा भाऊ, हे तुम्हाला ठाऊकच असणार. काय करतो? तेही ठाऊक असणार, पण माझ्याच तोंडून ऐकायचं असेल तर ऐका — बर्फ मोजतो. हसलात तरी चालेल, अख्खी भिवंडी हसली होती. ऐंशी साली तिकडं हिमाचलात नोकरी लागली, तेव्हा मोहल्ल्यातले म्हणाले, नूर मोहम्मद, तुझा भाऊ एवढं शिकला आणि बर्फ मोजायला गेला? बर्फ तर आपल्याकडं मासळीवर असतो नायतर गोळेवाल्याकडं. पण त्याला वेडच तसलं. पोर होता तेव्हा मासळीबाजारात अम्मी भाव करायची आणि हा टोपलीपाशी उकिडवा — भुशातला बर्फ टिकतो, गोणपाटाखालचा लवकर जातो, असलं बघत. अम्मी कान धरून घरी आणायची. आता तेच करतो, फक्त सरकारी पगारावर. लोखंडाची पोकळ नळी असते, ती बर्फात दाबायची, वर काढायची, वजन करायचं. मग खाली धरणवाल्यांना सांगायचं, उन्हाळ्यात नदीला पाणी एवढं येणार. एका साली त्यानं सांगितलं कमी येणार, वरचे साहेब म्हणाले, डोंगर तर पांढराफटक दिसतोय, तू खुळा हायस. कमीच आलं. बर्फ होता, पण पोकळ होता म्हणे, आत पाणी नव्हतं. त्यानंतर त्याला तुकडीचा मुख्य केला. यात सरकारविरोधी काय हाय, तुम्हीच सांगा.

नकाशे? त्याच्याकडं नकाशे हायत असं मी कुठं म्हणालो? — हां, हायत, असणारच, डोंगरात जायचं तर नकाशा लागतो. कॅमेराही हाय. पण सरहद्दीच्या बाजूला तो कधी... म्हणजे नदीचं मूळ जिथं असेल तिथं जावंच लागतं की. नदी काय तुम्हाआम्हाला विचारून उगम ठरवते? गेल्या वर्षी लष्कराच्या ट्रकमधून गेला होता, त्यांनीच नेला, विचारा त्यांना. मी हे नको होतं बोलायला. सोडा. तुम्ही लिहून घेत नाय, ते एक बरं हाय. का डोक्यात ठेवताय?

भीती वाटते हो. त्याची नाय, त्याच्यासाठी. भिवंडीचा पत्ता, इक्बाल नाव, आणि काम तिकडं वरती — तीन गोष्टी एका कागदावर आल्या की बघणाऱ्याचं डोकं कुठं जातं, ते मला समजतं. त्याला समजत नाय. तो म्हणतो, भाई, तिथं माझं नाव कोण विचारतं, थंडी विचारते काय? येतो तेव्हा तोंड भाजलेलं, ओठ फुटलेले, आणि डोळ्यांभोवती मात्र गोरीपान गोल खूण — बर्फावर चष्मा लावावा लागतो ना, त्याची. अम्मी दर वेळी हसते, म्हणते माझं घुबड आलं. वर राहते ती, या शेडच्या माळ्यावर. खोली रस्त्याकडं घे म्हणालो, ऐकत नाय. तिला लूमचा आवाज लागतो. लूम बंद पडले की ताबडतोब वरून विचारते, काय झालं? लाईट गेली म्हटलं की गप्प बसते. कारण लाईट असताना आमचे लूम भरशिफ्टला एकदाच बंद झाले, अब्बा वारले तेव्हा. आमच्यात तसंच हाय, घरात मयत झाली तरच चालू लूम थांबवायचा. शुक्रवारची सुट्टी वेगळी.

म्हणूनच म्हणतो, माझ्याकडून तुम्हाला काय मिळणार नाय. मी सावध माणूस हाय. परवा शेजारच्या सफियाआपांच्या घरी दोनदा फोन आला — आमच्याकडं फोन नाय — हिमाचलातून बोलतोय, नूर मोहम्मदला बोलवा, तातडीचं हाय. आपा धावत आल्या. मी म्हणालो, सांगा काल्हेरला गेलाय, गोदामात माल टाकायला. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणालो, अजून काल्हेरलाच हाय. तातडीचं असेल तर इक्बाल स्वतः बोलेल की. दुसऱ्या कुणाच्या आवाजावर मी कशाला विश्वास ठेवू? तुम्हीच केला होता काय फोन? बघा, हो म्हणून मान हलवली. मला वाटलंच.

सावधपणा म्हणजे काय ते सांगतो तुम्हाला, म्हणजे कळेल कुणाशी गाठ हाय. बर्फावर जाताना ते लोक बांबू रोवत जातात. प्रत्येक बांबूला कापडाची पट्टी बांधायची, आणि परतताना धुकं आलं की पट्टी बघत बघत यायचं. कारण बर्फात भेगा असतात म्हणे, वरून झाकलेल्या, वाट सुटली की माणूस आत. त्या पट्ट्या पहिल्या सालापासून मी पाठवतो. सरकारी कापड वाऱ्यात फाटतं, आपलं नाय फाटत. टेमघरच्या रंगाऱ्याकडून लालभडक करून घ्यायचो. यंदा एप्रिलमध्ये गेलो तर रंगारी विचारतो, नूरभाई, एवढे झेंडे कशाला? हसून विचारलं त्यानं. पण बाजूला दोघं चहा पीत बसले होते, ते हसले नाय. साहेब, चौऱ्याऐंशीला झेंड्यांवरनं या गावात काय काय जळलं, ते मी बघितलंय, माझेच दोन लूम गेले त्यात. लाल कापड उन्हात विटलं की भगवं दिसतं. मग एक म्हणणार, नूर मोहम्मद भगवे झेंडे कशाला फाडतो. दुसरा म्हणणार, आज लाल पाठवतो, काल हिरवे पाठवले असतील. आणि पार्सल कुठं, तर सरहद्दीकडं. मी तसाच माघारी आलो. यंदा रंगच दिला नाय. मांजरपाट जसा लूमवरून उतरला तसा फाडला, पार्सल शिवलं आणि दिलं पाठवून. पांढऱ्या चिंधीला कोण काय म्हणणार? हाय की नाय डोकं?

इक्बालला? त्याला नाय कळवलं, असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात. आणि तो उघडून थोडाच बघतो. भाईनं पाठवलं म्हणजे ठीकच असणार — पार्सल तसंच घोड्यावर चढवतो आणि वर मुक्कामाला गेल्यावर सोडतो. तिथं बांधायला कापड असलं म्हणजे झालं.

काय? ऐकू येत नाय. बॅग कशाला उघडताय? बॅग उघडायची नाय हितं, मी साक्षीदार बोलवीन — काय हाय ते?

ही तर आमचीच हाय. ही किनार बघा, दोन लाल धागे, आमच्याच लूमवर पडतात. तुमच्याकडं कशी आली? आणि ही अशी पिवळट का झालीय... चहाचा वास येतोय हिला. चहात बुडवली? कुणी, इक्बालनं? रंग यावा म्हणून? — मग आला का रंग? सुकल्यावर?

चष्मा काढलात. तुमच्या डोळ्यांभोवती...

तुम्ही त्याच्याबरोबर होता.

नुसते ओठ हलतायत तुमचे, मला काय कळत नाय. परत बोला. धुकं? परत येताना? थांबा, थांबा जरा. रहमतुल्ला, बंद कर. अरे, सब बंद कर, मोटर भी.

हां. आता सांगा. हळू सांगा.

...

काय नाय, अम्मी. काय नाय झालं, तू जिना उतरू नको. लाईट गेली.

साहेब, तुमच्या मागं भिंतीवर बटण हाय. तेवढा दिवा घालवा.