दारावरचं लाल पान

(ओहायो नदीकाठच्या गावातलं 'मेपल रन' हे शुश्रूषाघर. खोली अठरा. खिडकीकडची खाट आर्डिथची, दाराकडची ओपलची. मधला पडदा अर्धा ओढलेला.)

ओपल: आणि आज चोवीस.

आर्डिथ: काय चोवीस?

ओपल: तुझे दिवस. हॉस्पिटलनं तुला इथे आणून टाकलं त्याला आज चोवीस झाले. अजून सहा दिवस तू महाराणी. सातव्या दिवशी सकाळी ब्रेंडा नर्स येईल, दारावर तुझ्या नावापुढे चिकटवलेलं लाल पान नखानं खरवडून काढेल, आणि मग तू मेलीस तरी दुपारचं ताट आणणारीलाच कळेल.

आर्डिथ: तुम्ही माझे दिवस मोजता?

ओपल: मग काय करू? माझे कोणी मोजत नाही.

आर्डिथ: मला ते पान सजावटीचं वाटलं होतं. घराचं नाव मेपल रन, म्हणून मेपलचं पान.

ओपल: सजावट म्हणे. बाई, एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी. कुठली पाटी शोभेची आणि कुठल्या पाटीला ब्रेक मारायचा, मला कळतं. हॉस्पिटलातून येऊन ज्याला तीस दिवस व्हायचेत त्याच्या नावापुढे पान. तेवढ्या दिवसांत तो परत हॉस्पिटलात गेला की हे घर बदनाम. म्हणून तुझं रोज वजन, तुझ्या ताटात मीठ नाही, तुझी छाती दोन वेळा तपासायची. तू संडासापर्यंत चालत गेलीस की ती व्यायामवाली पोरगी टाळ्या वाजवते. मी तीन वर्षं रोज जाते, कोणी चुटकी वाजवली नाही.

आर्डिथ: तुम्हाला टाळ्या हव्यात?

ओपल: मला वजनाचा काटा हवाय. तुझं हृदय दुखणाईत, माझंही तेच. औषधाची बाटलीसुद्धा एकच. पण तुझं हृदय पानाचं आहे. ही बघ आली रोशेल, काटा ढकलत. तुझ्याकडेच.

रोशेल: उठलात का, आर्डिथबाई? चला, उभ्या राहा. दांडा धरा. एकशे चाळीस पौंड. छान, कालचंच आहे.

ओपल: आता मी.

रोशेल: तुमचं एक तारखेला, ओपलबाई.

ओपल: एक तारखेला अजून दोन आठवडे आहेत. माझा जोडा चढत नाही. परवापासून दोन उशा घेतल्याशिवाय झोपता येत नाही.

रोशेल: मी काल ब्रेंडाला सांगितलं. तिनं वहीत लिहून ठेवलंय. डॉक्टर गुरुवारी फेरीला आले की बघतील.

ओपल: आज शुक्रवार.

रोशेल: हो, पुढच्या गुरुवारी. माझ्याकडे असं बघू नका. ब्रेंडाकडे अडतीस माणसं, त्यातली नऊ पानवाली. सकाळच्या बैठकीत मॅनेजर त्या नवांचंच विचारतो. बाकीच्या एकोणतीसांचा कागद उलटा पडलेला असतो.

आर्डिथ: पण हे बरोबर नाही. काटा समोर आहे, त्या समोर आहेत.

रोशेल: काटा एकच, बाई. नाश्त्याच्या आत नऊ खोल्या. शिवाय आकडा एकदा कळला की तो कोणाच्या तरी गळ्यात पडतो. लिहिला तर ब्रेंडाला धावावं लागतं. नाही लिहिला आणि काही झालं, तर माझी नोकरी जाते. पन्नाशीत पाठ मोडलेल्या बाईला दुसरीकडे कोण घेणार?

आर्डिथ: सरकार हे पाहत नाही?

रोशेल: सरकारनंच सुरू केलंय. तुमच्यासारख्यांच्या बिलातले शंभरातले दोन डॉलर ते आधीच राखून ठेवतं. ज्या घराची माणसं कमी परत गेली, त्याला त्यातले जास्त मिळतात. गेल्या साली आमच्या वाट्याला जवळजवळ काही आलं नाही. मग वर बसलेल्यांनी हिशेब केला आणि एक नर्स कमी केली.

ओपल: माणसं फार आजारी पडतात म्हणून नर्स काढली. काय डोकी आहेत.

रोशेल: आता तुम्ही ऐकायचंच ठरवलंय तर ऐका. ओपलबाई गरिबांच्या यादीवर आहेत. त्या इथेच राहणार. त्या हॉस्पिटलात गेल्या काय, आल्या काय, त्या दोन डॉलरांच्या गणितात कुठे बसत नाहीत.

ओपल: ऐकलंस? मी गणितात नाही. आणि ही चोवीस दिवसांची पाहुणी गणितात.

आर्डिथ: मी काही मागून घेतलेलं नाही. आणि राग येणार नसेल तर सांगते. सगळ्याजणी येऊन तुमच्याच खाटेवर बसतात. हसतात, नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगतात. माझ्याकडे येतात, आकडा लिहितात आणि जातात. पडद्याआडून तुमचं हसणं ऐकताना मला काय वाटत असेल?

ओपल: घे मग. सगळ्यांचे नवरे तू घे. मला तुझा काटा दे.

\*\*\*

आर्डिथ: ओपल, मघाशी आलेली नर्स माझ्याकडे यायला हवी होती ना?

ओपल: शनिवार आहे. रोशेलला सुट्टी, ब्रेंडालाही. ही एजन्सीची, बदलीवर आलेली. तिला इथलं माणूस कोण ते ठाऊक नाही. दार बघते, पान बघते, आत शिरते.

आर्डिथ: पान माझ्या नावापुढे आहे.

ओपल: होतं. काल रात्रीचं जेवण झाल्यावर वॉकर धरून गेले आणि काढलं. फाटलंसुद्धा नाही. माझ्या नावापुढे लावलं, वर अंगठा दाबून धरला.

आर्डिथ: तुम्ही ते चोरलंत.

ओपल: चोरलं. आणि तिनं मला काट्यावर उभं केलं. किती भरलं विचार.

आर्डिथ: मी पडद्याच्या अलीकडेच होते. एकशे एकाहत्तर.

ओपल: एक तारखेला एकशे अठ्ठावन्न होतं. तेरा पौंड वाढले. जेवणानं नाही, पाण्यानं. तिनं माझ्या नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडला, आणि ती तो भरायची वाट बघत राहिली. मग पळत गेली. दहा मिनिटांत डॉक्टर व्हिडिओवर, त्या पाटीएवढ्या स्क्रीनवर. शनिवारी, बाई! पाणी काढायची इंजेक्शनं तीन दिवस, नाकाला नळी, रोज वजन. त्यानं माझं नाव दोनदा घेतलं. तीन वर्षांत त्याच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं.

आर्डिथ: माझ्याकडे सकाळपासून फक्त ताट आलं. आणि त्यात खारवलेलं डुकराचं मांस होतं.

ओपल: खाल्लंस?

आर्डिथ: अर्धं. बऱ्याच दिवसांनी चव आली.

ओपल: कसं वाटतंय?

आर्डिथ: भीती वाटते. छाती तपासली नाही की आपल्याला आतून काहीतरी ऐकू यायला लागतं.

ओपल: हो. तसंच वाटतं.

आर्डिथ: माझी मुलगी शुक्रवारी मला घरी नेणार आहे. खाली खोली केलीय तिनं माझ्यासाठी. मध्येच मी परत हॉस्पिटलात गेले तर सगळं पहिल्यापासून. तुम्ही नुसतं पान नाही काढलंत. माझं घर काढून घेत होतात.

ओपल: मग दाब ना बटण. ती येईल, तिला सांग, दाराकडची चोरटी आहे. मी नाही म्हणणार नाही. बस चालवताना सुद्धा चूक झाली की मीच आधी बोलायची.

आर्डिथ: पहिलं इंजेक्शन कधी आहे?

ओपल: चारला. मग उद्या दोन, परवा दोन.

आर्डिथ: आणि आता?

ओपल: सव्वातीन. का विचारतेस?

आर्डिथ: चार वाजू देत.

ओपल: माझ्यावर उपकार नको करूस. मला ते सोसत नाही. ही अशी शांत, माफ करणारी माणसं पाहिली की माझं डोकं फिरतं.

आर्डिथ: मी माफ केलेलं नाही. मला तुझा संताप आलाय. पण माझे तेरा वाढले असते तर दारात रुग्णवाहिका उभी असती, आणि तुझे वाढले तर वहीत एक ओळ. ते ऐकल्यावर माझं बोट बटणावर जाईना. काटा तिनं इथेच ठेवलाय ना? ये, मला धर. मला माझा आकडा हवाय.

ओपल: एक हात दांड्यावर, एक माझ्या खांद्यावर. मला ओढू नकोस, मीही पडेन. थांब, स्थिर हो. एकशे बेचाळीस.

आर्डिथ: काल एकशे चाळीस होतं.

ओपल: ते मांस. कितीला घाबरतात?

आर्डिथ: एका दिवसात तीनला.

ओपल: मग रात्री सूपला हात लावू नकोस. ते नुसतं मीठ असतं. सफरचंदाचा गर तेवढा खा, माझाही घे. सकाळी परत बघू. तीन झाले तर मी स्वतः जाऊन पान तुझ्या नावापुढे लावते.

आर्डिथ: आज नाही लावणार?

ओपल: आज नाही.

आर्डिथ: मला वाटलंच होतं. बस, पाय वर घे. चारपर्यंत तरी बोलू नकोस, तुला धाप लागतेय.

\*\*\*

रोशेल: चादर ओढते, ओपलबाई. जरा पाय बाजूला. आर्डिथबाई गेल्या का? मी पंधरा नंबरमध्ये होते.

ओपल: आत्ताच. मुलगी गाडी दारापर्यंत घेऊन आली. खुर्चीतून नेलं, मांडीवर फुलांची कुंडी. एकतीस दिवस पुरे झाले. सकाळी आठलाच ब्रेंडानं पान काढलं. बाई जायच्या आधीच.

रोशेल: तुम्हाला भेटल्या ना जाताना?

ओपल: पडदा पूर्ण उघडून गेली. पत्र टाकते म्हणाली. माझ्याकडे कोणी घरी नेणारं नाही आणि तिच्याकडे आहे, त्यावरूनही मी जळले. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, ठाऊक आहे.

रोशेल: सोमवारी त्यांनी तुम्हाला वाचवलं. ब्रेंडा दारात उभी राहिली होती ना, पान कोणी हलवलं म्हणून. मला वाटलं, आता तुमची रवानगी मागच्या इमारतीत. तर आर्डिथबाई म्हणाल्या, मी हलवलं, गुळगुळीत लागलं म्हणून हाताला चाळा केला. ब्रेंडाचा विश्वास बसला नाही. पण पानवालीशी भांडणार कोण? पान मुकाट्यानं त्यांच्या नावापुढे परत लावलं.

ओपल: रविवारी तिचं वजन उतरलं म्हणून निभावलं. एकशे एक्केचाळीस. तीन भरले असते तर मी पान परत लावलं असतं.

रोशेल: लावलं असतं?

ओपल: अख्खी रात्र तेच विचारत होते स्वतःला. वजन उतरलं, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

रोशेल: सोडा. एजन्सीच्या त्या पोरीला कळलं नसतं तर तुम्ही पाण्यानंच गेला असतात. डॉक्टर काल फेरीला आले तर म्हणाले, वेळेवर सापडलं.

ओपल: सापडलं म्हणे. सापडायला मी काय हरवले होते? इथेच होते, दाराजवळ.

रोशेल: इंजेक्शनांनी दहा पौंड उतरले ना?

ओपल: सोमवारी एकशे एकसष्ट. त्यानंतर रोजच्या वजनाचा हुकूम संपला, ब्रेंडानं माझं नाव खोडलं. मग आर्डिथ रोज सकाळी काट्यापुढे हाताची घडी घालून उभी. आधी ओपल, मग मी. तुलाच ठाऊक आहे.

रोशेल: ठाऊक आहे. तीन दिवस माझा नाश्त्याचा गाडा उशिरा निघाला. शिव्या खाल्ल्या मी.

ओपल: काल एकशे बासष्ट होतं.

रोशेल: एकच वाढलंय.

ओपल: एकच. आज किती?

रोशेल: आज मला काटा इथे आणायला कारण नाही, ओपलबाई. मनात आलं तर आणेन. पण मनात येणं आणि वेळ मिळणं, तुम्हाला खोटं का सांगू? नऊ खोल्या आहेत.

ओपल: आठ. ही गेली ना.

रोशेल: नऊच. दुपारी खिडकीकडच्या खाटेवर नवीन येतेय. हॉस्पिटलातूनच. पान लागेल.

ओपल: मग काटा येईलच.

रोशेल: नाही. बर्फावर घसरली, खुब्याचं हाड मोडलंय. टाके बघायचे, चालवायचं, एवढंच. रोज वजन नाही.

ओपल: नुसतं हाड?

रोशेल: नुसतं हाड.

ओपल: वय?

रोशेल: एक्याऐंशी.

ओपल: एक्याऐंशीच्या बाईला आणखीही काहीतरी असणारच. आली की बघशील? दम लागतो का तिला?

रोशेल: तुम्हाला तिला दम लागायला हवाय?

ओपल: फार नको गं. काटा आणण्यापुरता.