पॅरिसच्या मांडवाची मेढ

—नाही, नाही, तो फोन ठेव आधी खाली. मला कसला फोटो दाखवतेस, माझंच काम आहे ते. हा पॅरिसचा टॉवर माझा, ते कंदिलांचे खांब माझे, मागच्या भिंतीवरच्या सोनेरी पट्ट्या—सनबोर्डाच्या, म्हणजे फोमच्या पुठ्ठ्याच्या आहेत त्या, मी आणि माझ्या बायकोनं, बद्रुन्निसानं, आठ दिवस बसून कापल्यात आणि चिकटवल्यात—आणि ही जांभळी फुलं, लॅव्हेंडर म्हणायचं त्याला, तीही माझीच. प्लॅस्टिकची. तुला कुणी पाठवला हा? मैत्रिणीनं? तिला पुण्यातलं लग्न वाटलं? आपल्या गेवराई रोडचं लॉन्स आहे बेटा ते. टॉवरच्या मागं बाभळ दिसते बघ, फोटोवाल्यानं अर्धी कापली, अर्धी राहिली.

बस ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. खोक्यावर बस, कपडाच आहे आत, काही फुटायचं नाही. तुझं लग्न ठरल्याचं कळलं होतं मला, पण तू स्वतः दुकानात येशील असं वाटलं नव्हतं. छगनची निकिता! एवढीशी होतीस, मांडव उभा राहीपर्यंत कनातींच्या ढिगावर झोपायचीस. एकदा पोरांनी कनातींसकट तुला टेम्पोत भरली, आठवतं? कशी आठवेल, तीन वर्षांची होतीस. तुझा बाप टेम्पोमागं बोंबलत पळाला थेट नाक्यापर्यंत, आणि मी त्याच्यामागं. तू उठलीस तर हसत होतीस. तुझ्या आईनं, मनकर्णावहिनींनी, आम्हा दोघांना काय काय सुनावलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

तर आता तुला पॅरिस पाहिजे. पाहिजेच का? राग मानू नकोस, पण मी तुला खरं सांगतो, त्यात काही दम नाही. टॉवर चौकोनी पाइपचा, बावीस फुटी, गेल्या पावसाळ्यात गंजलाय. सोनेरी पट्ट्यांना उंदरं लागलीत. वाऱ्याचं तर बोलायलाच नको, बांबूचा मांडव वाऱ्यात वाकतो आणि परत सरळ होतो, हा सरळच उभा राहतो आणि मग एकदम आडवा होतो. आणि लोकांना तरी काय कळतं? त्या लग्नात निम्मी पाहुणेमंडळी टॉवरखाली उभी राहून मोबाईल वर धरत होती, म्हणे टॉवर तर आलाय, रेंज कुठाय? कमानीवर फ्रेंचमध्ये स्वागत लिहिलं होतं, तर नवरीचे मामा मला बाजूला घेऊन विचारतात, हे कुठल्या पाहुण्यांचं आडनाव आहे? छत्र्यांखाली कॅफे केलं होतं, लोखंडी नाजूक खुर्च्या, दोघांना एक टेबल. तिथं एकेका टेबलाला सात-सात जणी. एक खुर्ची तिथंच बसली. म्हणजे बाई बसली आणि खुर्चीही बसली.

हस, हस. मलाही तेव्हा हसू आलं होतं.

मी तुला गुलाबी आणि मोतिया कपड्याचं छान छत करून देतो की. चुण्या अशा घालीन की वाऱ्यावर पाण्यासारख्या हलतील. नको? नवऱ्याकडच्यांना हेच पाहिजे? तुलाच पाहिजे. बरं. स्वतःचीच हौस आहे हे कबूल करतेस, ते आवडलं मला.

बापाला माहितीये का पण? नाही, मी एवढ्यासाठी विचारतोय की तो—

काय म्हणाला?

परत सांग. हैदरकडंच जा म्हणाला?

त्यानं स्वतः पाठवलं तुला. आणि टॉवर चांगला झालाय असंही म्हणाला. बरं. बरं. चहा का आला नाही अजून, बघतो मी—नाही, बस तू, माझे गुडघे असे एकदम उठवत नाहीत मला. काही झालं नाही गं. उन्हाचं डोळ्यांत पाणी येतं.

मग आता दोघं मिळून काम का करत नाही, असंच विचारणार ना तू? विचार. हक्क आहे तुझा. हे बघ, मी आणि तुझा बाप अठ्ठावीस वर्षं एकत्र मांडव घातले. बांबू त्याचा, कापड माझं. आधी उंचीला शिडी नव्हती आमच्याकडं, त्याच्या खांद्यावर उभा राहून मी झालर टाचायचो, आणि तो खालून म्हणायचा, "हैदऱ्या, लई जेवतूस तू." अकोले तालुक्यात जायचो बांबू आणायला, पार डोंगरात. तुझा बाप प्रत्येक बांबूवर बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि कान लावायचा, डॉक्टर पाठीवर वाजवतो तसं. हा चांगला, हा आतून किडलाय, हा दोन वर्षांनी दगा देईल. काथ्याची गाठ तर अशी मारायची की वावटळीत सुटायची नाही, आणि काम झालं की एका हिसक्यात मोकळी. मी इतकी वर्षं समोर बसून बघितली ती गाठ, मला अजून येत नाही.

मग ही कैनात आली. नगरची आहे, लग्नाचं सगळं ठरवून देते, हुशार पोरगी, वाईट नाही, तिला नावं ठेवणार नाही मी. ती म्हणाली, फ्रेंच म्हणजे सगळं हलकं पाहिजे चाचा. फिके रंग, मोकळी जागा, जास्त काही दिसायला नको. लोखंडी सांगाडा, प्लेटांवर उभा, नटबोल्ट आवळले की झालं. बांबूचं कामच नाही त्यात. मी वरूरला तुमच्या घरी गेलो, तुझ्या बापाला सांगितलं की पार्टी बांबू नको म्हणते. तो ओसरीवर काथ्या वळत बसला होता. म्हणाला, "आसूं दे. पार्टीच्या मनापरमान करावं." वहिनींना म्हणाला, हैदरला पोहे दे. पोहे खाऊन आलो मी.

मी यादी केली होती, माझी सवय आहे ती. चौऱ्याण्णव वस्तू. पडद्याच्या कड्या किती, आरसे किती, सगळं. हळदीच्या दिवशी सकाळी साडेसातला शेवटचा दिवा लावून बघितला, चौऱ्याण्णव झाल्या. आणि नवरीची आजी आली, साळूबाई. काठी टेकत टेकत सगळीकडं फिरली, टॉवरला वळसा घातला, काठीनं ठोकून बघितला, आणि मला म्हणाली, "मेढ कुठं हाय?"

बेटा, माझ्या पायाखालची जमीन सरकली. मुहूर्तमेढ! मांडवाचा पहिला खांब. खड्डा खणायचा, हळदकुंकू वाहायचं, सुपारी टाकायची, मेढीला आंब्याची डहाळी बांधायची, सवाष्णींनी पूजा करायची, आणि मग पुढचं सगळं. शंभर वेळा नाही, हजार वेळा बघितलंय मी. पण बघितलंय, केलेलं नाही. ते छगनचं. मी मुसलमान माणूस, मेढीच्या वेळी मी बाजूला उभा राहून कपड्याच्या घड्या मोडायचो, तुझा बाप पहार घेऊन पुढं व्हायचा. अठ्ठावीस वर्षांत मला कधी ती लक्षात ठेवावी लागली नाही, म्हणून ती यादीत आली नाही. मांडव अख्खा उभा आणि पहिला खांबच नाही. आणि खणायचं कुठं? हिरव्या गालिच्याखाली सगळं सिमेंट. कैनात म्हणाली, टॉवरचीच पूजा करू या का? साळूबाईनं तिच्याकडं असं बघितलं—"लोकंडाला कुकू लावू? माजी नात काय मोटारगाडीय?" आणि खुर्ची ओढून टॉवरखाली बसली. मेढ रवल्याशिवाय हळद लागायची नाही म्हणाली. आत हळद वाटून झालेली, नवरी पाटावर, आणि सगळे माझ्याकडं बघतायत.

मी तुझ्या बापाला फोन लावला. दुसरं कोण होतं मला?

"आलू," एवढंच म्हणाला. अर्ध्या तासात आला, त्या जुन्या एम-एटीवर, बांबू गाडीला लांबीत बांधलेला, मागच्या टोकाला लाल चिंधी. धुतलेलं धोतर, खांद्यावर काथ्या. सिमेंट बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आचाऱ्याकडून तेलाचा रिकामा डबा मागितला. बाहेर बाभळीच्या बुडाची माती आणली स्वतः, भरली, दगड ठोकले, त्यात मेढ रवली आणि वरचं टोक काथ्यानं टॉवरच्या एका पायाला बांधलं. त्या पॅरिसच्या टॉवरला तुझ्या बापाची गाठ. साळूबाई उठली, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "आता झाला मांडव."

मग सगळे हळदीला आत गेले, आणि तो मान वर करून टॉवर बघत उभा राहिला. खूप वेळ बघितलं. म्हणाला, "झकास झालंय रं हैदऱ्या." आणि मग हसून म्हणाला, "पार्टीला बांबू नगं, पर मेढ पायजे व्हय?" मी हसलो. काय करणार, तो हसला म्हणून मी हसलो. जेवून जा म्हणालो तर म्हणाला, "न्हाई, ही लोकं निराळी हायती. कामाच्या जागी काम."

त्यानंतर त्यानं बांबू विकून टाकले ना? मी ऐकलं. पारनेरच्या कुणा टोमॅटोवाल्याला, झाडांच्या आधाराला. सगळे? अकोल्याहून निवडून आणलेलेसुद्धा? आणि आता पेट्रोलपंपावर हवा भरतो. हो, मला माहितीये, मी त्या रस्त्यानं जात नाही हल्ली. लांबून जातो, माळीवाड्याकडून. लोक विचारतात, हैदरभाई, तुमची जोडी का फुटली? मी म्हणतो, काळ बदलला, पार्टीला बांबू नको असतो. पार्टी बिचारी कशाला नको म्हणेल, पार्टीला तर साधं—

काही नाही. चहा घे. आला बघ.

काय? नाही, तसं नाही म्हणालो मी. मी म्हणालो, पार्टीला त्यातलं काय कळतं. एवढंच.

असं बघू नकोस माझ्याकडं. अगदी बापासारखी बघतेस.

बरं, ऐक. ऐकायचंच आहे ना तुला? पार्टीनं बांबूचं नाव काढलं नव्हतं. कैनातनंही नाही. ती उलट म्हणाली होती, चाचा, मागच्या जेवणाच्या मांडवाला बांबू चालेल, तो कुठं फोटोत येतोय. काम होतं त्याला, चार दिवसांचं काम होतं. मीच नको म्हणालो. का? का म्हणजे—ती आली होती ना पहिल्यांदा, इथंच, दुकानात. तुझा बाप त्या कोपऱ्यात उकिडवा बसून मशेरी लावत होता. ती इंग्रजीत फोनवर बोलत होती, हातात ते फ्रेंच घरांचे फोटो, पांढऱ्या भिंती, पांढरे पडदे, आणि हा तिच्यासमोर दाराबाहेर थुंकायला उठला. तिनं विचारलं, हे तुमचे कोण? आणि मी म्हणालो, कामाला असतात.

त्यानं ऐकलं नाही. मला वाटतं ऐकलं नाही. ऐकलं असेल का? तू घरात असतेस, कधी काही बोलला?

उलट माझी बाजू घेतो? काय म्हणतो? ... "हैदर काय करनार, पार्टीच तसली हुती." असं म्हणतो वहिनींना?

मला लाज वाटली त्याची, निकिता. एवढंच आहे, दुसरं काही कारण नाही. मी पुष्कळ शोधलं. लोखंड आलं, काळ बदलला, गुडघे गेले, सगळं खरं आहे, पण हे सगळं नंतरचं. दोन पांढरे पडदे बघितले आणि मला तुझा बाप मळका दिसायला लागला. त्या दिवशी मेढ रवायला आला तेव्हाही सांगता आलं असतं, टॉवरखाली आम्ही दोघंच होतो. तो हसला आणि मी पण हसलो. आणि त्यानं घरी जाऊन धंदा मोडला, कारण त्याला वाटलं आता जगात कुणाला बांबू नको. कुणाला म्हणजे कुणाला? एका माणसाला नको होता.

पर्स कुठं उचलतेस, चहा तरी—राहू दे. नको घेऊस.

हे बघ, मी येतो उद्या वरूरला. स्वतः सांगतो त्याला. तू तोपर्यंत काही बोलू नकोस, एवढं कर माझ्यासाठी. तुझ्या लग्नाचा टॉवर, फुलं, सगळं मी—नाही, लाच नाही देत गं, कसली लाच, तसं मनात आणू नकोस. मला फक्त सकाळ होऊ दे. मी सांगणारच होतो. कधी? ... खरंय तुझं. कधीच नाही.

आत्ताच जाणार पंपावर? आत्ता गाड्यांची गर्दी असते, तो कामात असेल, चार माणसांत—

नाही. जा. सांग त्याला. इतके दिवस खोट्यात ठेवला, आता आणखी एक रात्र माझ्या सोयीसाठी कशाला. बांबू कुणाला नको होता ते नाव घेऊन सांग, त्यात काही मऊ करू नकोस. आणि मांडव त्याच्या मनाप्रमाणे घाला, माझी वाट बघू नका.

जा बेटा. शटर अर्धं खाली ओढून जा. गिऱ्हाईक नको मला आता कुणी.