साक्षगंधाचा व्हिडिओ

सिनेमा कसा पाहाचा हे शिकवणारा वर्ग यवतमाळले करून आलो ना, तवापासून मले गप बसवतच नाही. परवा बाभुळगावले घरी बहिणीच्या साक्षगंधाचा व्हिडिओ लावला, तं मी उठून टीव्हीजवळच उभा राह्यलो.

"बाबा, माणूस कुठं पाह्यते ते पाहा. जिकडे नजर, तिकडे गोष्ट."

बाबा म्हणाले, "मंग आपली पोरगी नवरदेवाकडे काहून नाही पाहून राह्यली?"

"ती सरळ कॅमेऱ्यात पाहून राह्यली. म्हणजे पाहणाऱ्याशी थेट बोलून राह्यली, बाबा!"

टीव्हीत नवरदेव अंगठी घालून राह्यला होता, अन् ही कॅमेऱ्याकडेच पाहून लाजत होती.

बाबांनी टीव्ही बंद केला. "कॅमेऱ्यामागं कोण होता?"

बहीण दातओठ खात मले म्हणे, "दादा, त्या वर्गात गप बसाचं शिकवत नाही काय रे?"