पाच कोंबड्या आणि आठ दिवसांचं खाद्य

जबाब देणार: टोपीवाल्या काकू (याच नावाने सर्वजण ओळखतात), वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, शाळेच्या टोप्या व गणवेश, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शेवटचं घर.

समक्ष विचारल्यावरून सांगते ती हकिकत अशी की, मी वरील ठिकाणी सुनेसोबत राहते. माझा एकुलता मुलगा वीज खात्यात लाईनमन होता. गेल्या वर्षी खांबावर काम करताना तो वारला. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच आहोत. परसात अकरा कोंबड्या आहेत, त्या सुनेने पिल्लांपासून वाढवल्या. मुलगा गेल्यावर सून फारसं बोलत नसे. बोललीच तर कोंबड्यांशी.

सून हरवल्याची खबर मी याच ठाण्यात दिलेली आहे. त्या दिवशी सकाळी मी शिवलेला माल पोचवायला गेले होते. दुपारी परत आले तर घराला कुलूप होतं आणि किल्ली नेहमीच्या जागी. खुराड्याची कडी नीट लावलेली, पण आत सहाच कोंबड्या. सुनेचा फोन माझ्या शिलाई मशीनवर ठेवलेला होता. तो फोन मूळचा माझ्या मुलाचा, नंतर ती वापरत असे.

जमादारांनी मला विचारलं की भांडण झालं होतं का. झालं नव्हतं. माहेरी कोणी आहे का? कोणी नाही. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "काकू, ती जिवाला कंटाळली होती का?" यावर मी उत्तर दिलं नाही, असं पहिल्या जबाबात लिहिलेलं आहे. ते बरोबर आहे. त्यानंतर त्यांनी कालव्याच्या काठाने माणसं पाठवली.

मी घरी गेले. उरलेल्या कोंबड्या उपाशी होत्या, म्हणून खाद्याचं पिंप उघडलं. पंचवीस किलोचं पोतं मी आदल्याच दिवशी त्यात रिकामं केलं होतं, तेव्हा पिंप काठोकाठ होतं. आता ते बरंच खाली गेलेलं दिसलं. मी सगळं खाद्य पिशव्यांत काढून ताणकाट्याला लावलं. साडेअठरा किलो भरलं.

आमच्याकडे हिशेब असा धरतात की, अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला सव्वाशे ग्रॅम. त्यातलं शंभर-एकशेदहा पोटात जातं, बाकी सांडलवंड आणि चिमण्यांची चैन. मुलगा म्हणायचा, एक भरलेली मूठ, वर चिमूटभर. पण माझी मूठ लहान आणि सुनेची मोठी, त्यावरून कोंबड्या तिच्याच मागे धावतात असं तो मला चिडवायचा. म्हणून सून मुठीवर न जाता काट्यावर तोलायची. अकरा कोंबड्यांचं एका दिवसाचं खाद्य वजा केलं तरी पाच किलोंचा फरक येत होता. शिंपल्यांच्या चुऱ्याची पुडीही जागेवर नव्हती. तो चुरा अंड्यांचं कवच घट्ट व्हावं म्हणून घालतात.

पाच कोंबड्यांना पाच किलो, म्हणजे बरोबर आठ दिवस.

हे सांगायला मी दुसऱ्या दिवशी ठाणं उघडं सापडताच आले. ठाणं कायम उघडंच असतं, असं जमादार म्हणाले. माझं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "काकू, आम्ही बाई शोधायची की कोंबड्या?"

मी म्हटलं, "कोंबड्या सापडल्या की बाई सापडेल. जीव द्यायला निघालेलं माणूस तोलून खाद्य नेत नाही, जमादार. शिंपल्यांचा चुरा तर नाहीच नाही. तिला अंडी हवी आहेत."

 जमादारांनी फोन करून कालव्यावरची माणसं परत बोलावली. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, हे लिहून घ्यावं. जमादार लिहायला तयार नव्हते, मी सांगितल्यावरून लिहिलं आहे.

ते खाद्य आमच्या गावात एकाच दुकानात मिळतं, बसस्टँडच्या मागे. आठ दिवस संपत आले तसं मी सकाळपासून त्या दुकानात जाऊन बसू लागले. दुकानदाराने पोत्यांच्या थप्पीवर गोणपाट टाकून मला जागा करून दिली. मी सोबत गणवेशाचे शर्ट नेले होते, त्यांना हाताने काजं करत बसायचे. आठवा दिवस गेला. सून आली नाही. नवव्या दिवशी मी काजं केली ती सगळी वाकडी झाली.

दुकानदार म्हणाला, "काकू, धीर सोडू नका. कोंबडी नव्या जागी गेली की आधी दोन दिवस चोच लावत नाही. तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त कोंबड्यांना तो ठाऊक नाही."

दहाव्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, सून दुकानात आली. मला पाहून दारातच थांबली. मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. ते राहून गेलं. मी विचारलं, "अंडी देतात का?"

ती म्हणाली, "तीन द्यायला लागल्या. दोघी अजून रुसल्यात."

मग तिने स्वतःहून सांगितलं ते असं. पुलापलीकडच्या एका वसतिगृहात तिला स्वयंपाकघरात काम मिळालं आहे. राहायला खोली आहे आणि खोलीमागे मोकळी जागा. ती म्हणाली, "आई, तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही रडला असतात, आणि मी थांबले असते. आठ दिवस एकटीला जमतंय का बघायचं, नाही जमलं तर कोंबड्या घेऊन गुपचूप परत यायचं, असं मनाशी धरलं होतं. म्हणून तेवढंच खाद्य नेलं."

मी म्हटलं, "अगं, फोन तरी न्यायचास."

ती म्हणाली, "त्याच्यात त्यांचा आवाज आहे. तुम्ही अधूनमधून ऐकता. मला माहीत आहे."

 दुकानदार वजनं पुसत होता.

पोलीस आपल्याला शोधत होते हे सुनेला माहीत नव्हतं. मी कालव्याचं सांगितलं तेव्हा तिने माझा हात धरला. मग दुकानदाराने विचारलं, किती किलो देऊ? ती म्हणाली, "किलोवर नको. पोतं द्या."

पाच कोंबड्यांना एक पोतं चाळीस दिवस जातं. हे मी तिथल्या तिथे काढलं. नक्की करण्यासाठी पुन्हा काढलं, तेवढंच आलं.

सुनेला कोणी पळवून नेलेलं नाही, कोणी धमकावलेलं नाही. ती स्वतःच्या मर्जीने गेली आणि मर्जीने तिथे राहणार आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हरवल्याची नोंद बंद व्हावी. तिने राहण्याचा पत्ता मला दिला आहे आणि येत्या रविवारी मला बोलावलं आहे. तो पत्ता मी इथे सांगत नाही, ती स्वतः सांगेल. ती बाहेर बाकावर बसलेली आहे. तिचा जबाब वेगळा घ्यावा. ती सावकाश बोलते, मध्ये तोडू नये. मात्र अंधार पडायच्या आत तिला कोंबड्या खुराड्यात घ्यायच्या आहेत, आणि पोतं घेऊन बसमध्ये चढायचं आहे, म्हणून तिला आधी मोकळं करावं. पोत्याचं एक टोक मी धरणार आहे.

हा मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, म्हणून खाली सही केली.