सीतारामचा पाट

मेघना : खुर्ची आणू का, ध्रुवदादा? गुडघा अजून दुखतोय ना तुझा?

यशोदा : खुर्ची नको. पितर कधी खुर्चीवर बसतात काय?

ध्रुव : बसतो आई, बसतो. फक्त हळूहळू. यान समुद्रात उतरलं तेव्हा जो दणका बसला, तो अजून गेला नाही.

मेघना : अकरा दिवस वर तरंगून आला आणि आमच्या पाटाला घाबरतो. खाली सोसायटीवाले ताटकळलेत, माहितीये? सेक्रेटरी विचारत होते, अवकाशवीर किती वाजता उतरणार, सगळ्यांना फोटो पाहिजेत. मी सांगितलं, आज आमच्याकडे माझ्या गेलेल्या भावाचा म्हाळ आहे, पितरांचं जेवण. आज तो आमच्या घरचा आहे, तुमचा उद्या.

यशोदा : माझ्या लेकाच्या जागी, सीताराम म्हणून बसलाय तो. आज त्याला ध्रुव म्हणू पण नकोस.

मेघना : बरं बाई. सीतारामदादा, वडे गरम आहेत. काळ्या वाटाण्याचं सांबारं आईनं स्वतः केलंय, मला हात लावू दिला नाही.

ध्रुव : आई, वाढायच्या आधी एक सांगायचंय. याच घरात सांगायचं म्हणून काल फोन केला नाही.

यशोदा : सांग, झिला.

ध्रुव : पुढच्या मोहिमेसाठी माणसं निवडायचं काम माझ्याकडे आहे. मी अध्यक्ष, अजून चार जण. शेवटच्या यादीत एक मुलगी होती. मनाली कर्णिक.

मेघना : कर्णिक? तो कर्णिक? सीतारामदादाच्या वेळी बोटीवर हुकूम देत होता तो?

ध्रुव : उन्मेष कर्णिक. त्याची मुलगी.

यशोदा : पुढे बोल.

ध्रुव : चौघांत दोन मतं तिच्या बाजूनं पडली, दोन विरुद्ध. पाचवं माझं. मी पाडलं तिला. संध्याकाळी सहाला यादी वर जाईल. वय बघता पुन्हा संधी नाही. आठ वर्षं ती याच एका गोष्टीसाठी झिजली.

मेघना : सही केलीस?

ध्रुव : केली. आणि त्याआधी परवा कर्णिकचा फोन आला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज एकदम मऊ. म्हणाला, ध्रुव, मुलीकडे जरा लक्ष दे, निकाल लवकर कळला तर बरं, घरात कोणाला झोप नाही. मी म्हटलं, घाई करू नका सर. प्रवाह असेल. दोन मिनिटं थांबा.

यशोदा : परत सांग.

ध्रुव : प्रवाह असेल, सर. दोन मिनिटं थांबा.

मेघना : हेच बोलला होता ना तो तुला?

ध्रुव : शब्दन् शब्द. सीताराम खाली गढूळ पाण्यात. हाताला हात दिसत नव्हता. त्याच्या कमरेची दोरी बोटीवर माझ्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे, चार म्हणजे वर ओढा. मला चार आले. मी सांगितलं, सर, चार आले. किनाऱ्यावर मोठे साहेब घड्याळ लावून उभे होते, आमची पाणबुड्यांची तुकडी किती वेळात काम करते ते बघायला. कर्णिक म्हणाला, प्रवाहानं दोरी हलली असेल, दोन मिनिटं थांब. दोन मिनिटांनी वर आला तो...

यशोदा : माहीत आहे काय वर आलं ते. मग? फोनवर तो काय म्हणाला?

ध्रुव : काही नाही. फोन ठेवला. त्याला कळलं.

यशोदा : बावीस वर्षं देवाजवळ हेच मागत होते. त्याला कळू दे. मेघना, ती खीर जास्त वाढ ह्याला.

मेघना : मस्त केलंस, दादा. खरंच. आता बसू दे त्याला घरात मुलीचं तोंड बघत.

यशोदा : पण तिला पाडलंस कशात? उगाच पाडलंस तर उद्या ओरडतील ते.

ध्रुव : नियमात पाडलं. कोणी बोट दाखवू शकणार नाही. तलावात परीक्षा असते. पाण्याखाली जोडीनं काम करायचं, वेळ ठरलेली. तिच्या जोडीला विनीत म्हणून एक होता. तिनं काम अर्धवट सोडलं, वेळ संपली. काम अपुरं, गुण शून्य.

यशोदा : का सोडलं?

ध्रुव : जोडीदाराची हवेची नळी अडकली. ती त्याला घेऊन वर आली.

यशोदा : तिला कसं कळलं?

ध्रुव : दोघांच्या मध्ये दोरी असते.

यशोदा : किती झटके दिले त्या पोरानं?

ध्रुव : आई, अन्न निवतंय.

यशोदा : किती दिले?

ध्रुव : चार.

मेघना : आणि ती लगेच वर आली?

ध्रुव : लगेच. वर परीक्षक ओरडत होता, वेळ बघ, चाळीस सेकंद राहिलेत, आधी काम संपव. कानातल्या यंत्रातून तिला सगळं ऐकू येत होतं. नंतर मी विचारलं, हुकूम ऐकला नाहीस? म्हणाली, ऐकला, सर. बस, एवढंच.

यशोदा : तो पोरगा?

ध्रुव : बरा आहे. दुसऱ्या दिवशी चालत घरी गेला.

यशोदा : चालत घरी गेला.

ध्रुव : मुद्दा तो नाही, आई. तिच्या बापानं...

यशोदा : थांब. मेघना, कपाटावरची पत्र्याची पेटी काढ. सीतारामच्या सामानाबरोबर आलेली.

मेघना : आई, आज नको. जेवू दे त्याला.

यशोदा : काढ म्हणते ना.

(मेघना पेटी आणून पाटाजवळ ठेवते. यशोदा तळातून एक घडी घातलेला कागद काढते.)

यशोदा : वाच.

ध्रुव : हे तुमच्याकडे कसं आलं?

यशोदा : पेटीतच होतं. पाठवणाऱ्यानं चुकून घातलं असेल, नाहीतर मुद्दाम. मला इंग्रजी येत नाही. ही तेव्हा एकोणीस वर्षांची होती, कॉलेजात. हिनं वाचून दाखवलं. आता तू वाच. मराठीत सांग.

ध्रुव : चौकशीचा अहवाल आहे.

यशोदा : खालून तिसरी ओळ.

ध्रुव : ‘दोरीवर कोणतीही खूण आली नाही. पाणबुड्यानं घाई केली. चूक त्याची स्वतःची.’

यशोदा : त्याच्या खाली?

ध्रुव : कर्णिकची सही.

यशोदा : त्याच्या खाली?

मेघना : आई, पुरे.

ध्रुव : माझी.

मेघना : तू पहिल्याच वर्षी येऊन आम्हाला सांगितलंस, मला कोणी विचारलंच नाही, मी तेव्हा आजारी होतो, कर्णिकनं परस्पर लिहिलं. मी आतल्या खोलीत ऐकत होते. आदल्या आठवड्यात मीच तो कागद आईला वाचून दाखवला होता.

ध्रुव : म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून...

यशोदा : पहिल्यापासून.

ध्रुव : मग मला दर वर्षी का बोलावलंत? त्याच्या पाटावर का बसवलंत?

यशोदा : तुला काय वाटलं, माया म्हणून? घोडपदेवच्या जुन्या चाळीत होते तेव्हा शेजारणी म्हणायच्या, यशोदे, किती मोठं तुझं मन, लेकाच्या दोस्ताला पितर म्हणून जेवू घालतेस. मी म्हणायचे, होय गो. मनात म्हणायचे, घास कसा उतरतो ह्याच्या घशाखाली ते बघायचंय मला. दर वर्षी समोर बसून बघितलं. पहिल्या वर्षी तुला ठसका लागला. दुसऱ्या वर्षी खीर तशीच ठेवलीस. मग सवय झाली तुला. मग बढती झाली, पदक आलं, तू वर जाऊन आलास. टीव्हीवर सांगितलंस, मला माझ्या मित्रानं धैर्य शिकवलं. नाव घेतलंस त्याचं. कागदावर चूक त्याची आणि टीव्हीवर नाव त्याचं.

ध्रुव : मी चोवीस वर्षांचा होतो, आई. कर्णिक म्हणाला, सही कर, नाहीतर तू पण संपलास. मेलेल्याला फरक पडत नाही, म्हणाला.

यशोदा : मला पडला. सीतारामच्या बापानं त्या ओळीवर जीव सोडला. गिरणीत पस्तीस वर्षं मशीनवर उभा राहिला, कधी बोट चेपलं नाही, ह्याचा अभिमान होता त्याला. म्हणायचा, माझा पोरगा घाई करणारा नव्हता.

ध्रुव : नव्हता. तुकडीत सगळ्यात सावकाश तोच होता.

यशोदा : मग लिही तसं.

ध्रुव : काय?

यशोदा : चार झटके आले. मी सांगितले. मला थांबवलं. मी खोटी सही केली. आणि त्या पोरीला पास कर.

मेघना : आई, कर्णिकच्या पोरीला? आत्ता तर तू...

यशोदा : तिला पाडून काय झालं? कर्णिक चार दिवस रडेल, मग म्हणेल, जुना वैरी होता, डाव साधला. सुटला तो. पास होऊ दे. पेपरात येऊ दे, हुकूम मोडून तिनं जोडीदाराला वर आणलं. घरात रोज तिच्यासमोर बसून जेवू दे त्याला. मी बसवलं तसं. आणि एक दिवस तिनं विचारू दे, बाबा, तुम्ही काय केलं होतं?

ध्रुव : हे लिहिलं तर माझं अध्यक्षपद जाईल. पुढच्या महिन्यात अवकाश केंद्राचा प्रमुख होणार आहे मी. चौकशी लागेल. दोनशे माणसं आहेत माझ्या हाताखाली, आई. त्यांना माणूस लागतो पुढे.

यशोदा : त्यांच्यातलं कोणी खाली अडकलं, तर दोरी कोणाच्या हातात असेल? तुझ्या?

मेघना : दादा, सहा वाजायला साडेचार तास आहेत.

ध्रुव : तू पण?

मेघना : मला तुझा राग नाही येत रे, तेच तर आहे. बावीस वर्षं प्रयत्न केला. तू माझ्या लग्नात पत्रावळी उचलल्यास. पण तो कागद मी वाचलाय. एकोणिसाव्या वर्षी आईला तोंडाने भाषांतर करून सांगितलाय. त्या ओळीला दुसरा शब्द शोधत होते मी. नाही सापडला.

ध्रुव : फोन दे माझा. तिथे, देव्हाऱ्याजवळ ठेवलाय.

मेघना : घे.

यशोदा : काय लिहितोस ते मोठ्यानं बोल.

ध्रुव : ‘मनाली कर्णिक यांच्याबाबतचं माझं मत मी बदलत आहे. त्यांनी केलं तेच बरोबर होतं. माझा निर्णय वैरातून आला होता, म्हणून मी अध्यक्षपद सोडत आहे.’

यशोदा : आणि दुसरं?

ध्रुव : ‘सीताराम परब यांच्या मृत्यूच्या अहवालावर माझी सही आहे. तो अहवाल खोटा आहे. दोरी माझ्या हातात होती. चार झटके आले. मी ओढली नाही.’

मेघना : तुला थांबवलं, ते लिही ना. ते खरंच आहे.

ध्रुव : कर्णिकचं वेगळं लिहिलंय खाली. पण ओढली नाही, ती मीच.

यशोदा : पाठवलंस?

ध्रुव : मंडळाला, मुख्यालयाला. कर्णिकला पण.

यशोदा : गेलं?

ध्रुव : गेलं.

यशोदा : मेघना, हे पान उचल. अजून उष्टं नाही झालेलं. गच्चीवर कावळ्यांसाठी वाडी ठेवायची आहे, त्यात घाल.

मेघना : आणि दादा?

यशोदा : उठ त्या पाटावरून, ध्रुव. गुडघा दुखतोय तुझा. टेबलाशी बस, तुझं पान वेगळं वाढते.